इंगाकाकूचं सूर्यचाक

"आकिब, चाक गेलं!" तिवाट्यावर पोचताच मेघा ओरडली.

"गेलं? त्याला काय पाय फुटले?"

"टवाळी पुरे! दिवस बुडायच्या आत सापडलं नाही, तर काकूला काय तोंड दाखवू?"

इंगाकाकू म्हणजे मेघाच्या स्वप्नीलकाकाची बायको, थेट नॉर्वेची! तिच्या माहेरी अजून जुन्या देवांना मानतात. वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी सूर्यदेवीसाठी पेटतं चाक टेकडीवरून सोडायचं, ही त्यांची रीत. एरंडोलच्या मळ्यात काकूचा हा पहिलाच सण. काल आईशी फोनवर बोलताना ती रडली, ते पाहून मेघानं छातीठोक वचन दिलं होतं, "चाक आम्ही करतो!"

आज रविवार. मेघा नि तिचा दोस्त आकिब, दोघांनी तिवाट्यावर बैलगाडीच्या मोडक्या चाकाला केळीची वाळकी पानं गुंडाळली, झेंडू खोचला. काकूनं नैवेद्याची अंडी नि पाव शेजारी मांडला आणि ती तयार व्हायला घरी गेली. दोघं पाणी प्यायला गेले, तेवढ्यात सगळंच गायब!

"पाकळ्या बघ!" आकिबनं मातीकडे बोट दाखवलं. झेंडूच्या पाकळ्यांचा माग थेट केळी पिकवायच्या जुन्या खोलीशी गेला होता. आत पाहतात तर चाक, शेजारी अंडी नि पाव! दोघांनी ते उचललं, आणि धाडकन दार लागलं. बाहेरून कडी!

खोलीला खिडकी नव्हती. वायरीसाठी पाडलेलं तेवढं एक भोक. जीव उकडून निघत होता. मेघानं भोकाला डोळा लावला. बाहेर मळ्यावरचे धनसिंगनाना, हातात काठी घेऊन!

"धनसिंगनाना! दार उघडा!"

नानांच्या हातातली काठी पडली आणि ते धूम पळत समोरच्या आंब्याआड दडले!

"आपण हाक मारली, तर पळतात काय?" आकिब चक्रावला.

मेघानं कपाळावर हात मारला. "तिवाट्यावर फुलं, अंडी, पाव! नानांना तो उतारा वाटला रे! कुणी करणी केली म्हणून इथे आणून कोंडला. आणि आता आपण त्यांना भूत वाटतोय!"

"आणि नावानं हाक मारणाऱ्या भुताला ओ द्यायची नसते," आकिब म्हणाला. "आता बोंबललो तर ते थेट गावात जातील!"

भोकातलं ऊन तांबूस झालं. मेघाला रडू फुटलं. आज काकू टेकडीवर एकटी वाट बघत बसणार!

मग तिनं एकदम डोळे पुसले. "भुताला काय म्हणता येत नाही?"

"मारुतीचं स्तोत्र!"

दोघांनी घसा फाडून सुरुवात केली. घाबरलेली मेघा मध्येच अडखळली. आकिब मात्र थांबला नाही. "शाळेत रोज म्हणतो की!" असं मध्येच म्हणून त्यानं पुढची ओळ उचलली.

आंब्याआडून नानांचा घाबराघुबरा आवाज आला, "भूत मारुतीनं नाव लेस का कधी? कोन शे मझार?"

"नाना, आत मी आहे, मेघा! आणि आकिब!"

कडी निघाली. घामाघूम नाना दारात उभे. "मी ते उतारा समजनू, बेटा!"

"माफी नंतर, नाना! आधी चाक उचला!"

सगळे टेकडीवर पोचले. सूर्य टेकायला आणि चाक पेटायला एकच गाठ पडली. जळतं चाक गडगडत नाल्याच्या कोरड्या वाळूत गेलं. काकूनं ताकानं भरलेलं शिंग फिरवलं. एकेकानं घोट घ्यायचा आणि शब्द द्यायचा.

"दार लावाना पहिले मझार देखसू!" नानांनी कान धरले.

मेघाचे आबा खो खो हसले. "पोरांनो, डोकं चालवलंत! मोठ्यांना भूत दिसलं, तुम्हाला वाट दिसली!"

शेवटी शिंग काकूकडे आलं. माहेरी दरवर्षी ती ते आपल्या माणसांच्या नावानं पीत असे. आज तिनं आधी आईचं नाव घेतलं. मग आपल्या मोडक्यातोडक्या मराठीत म्हणाली, "मेघा. आकिब. आणि नाना."

नानांनी उपरण्यानं डोळे पुसले. धुरानं पाणी आलं म्हणे!