हात रिकामे झाले की

त्या संध्याकाळी आईच्या तळहातांवर नवीन काही नव्हतं. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी भाजल्याचा जुना डाग होता, मधल्या बोटावर पिनेचा ओरखडा होता, तोही सुकत आलेला. मी टेबलावरचा दिवा जवळ ओढला, तिचा हात उलटा करून पाहिला, पुन्हा सुलटा केला.

"हात दाखवून अवलक्षण," आई म्हणाली. "रोज बघतेस, डॉक्टरीणबाई. एकदा भविष्य तरी सांग."

"उद्या तू हातमोजे घालून काम करशील. हेच भविष्य."

"मोज्यांनी घडी नीट बसत नाही."

"आणि भाजलं तर?"

"वास येतो की."

आई एका मोठ्या लॉन्ड्रीत इस्त्री करायची. हॉटेलांच्या आणि दवाखान्यांच्या चादरी, उशांचे अभ्रे, टेबलावर घालायची कापडं. माझ्या लहानपणापासून तेच काम, खिडकीजवळचं तेच टेबल. तिच्या हातांना काही कळेनासं झालंय हे तिने किती काळ लपवलं, ते मला माहीत नाही. मला कळलं ते एका सकाळी. तापलेल्या दुधाचं भांडं तिने गॅसवरून नुसत्या हातांनी उचललं आणि ते तसंच धरून, गाळणी कुठे ठेवलीस म्हणून मला विचारत उभी राहिली. वास आम्हा दोघींना एकदमच आला.

डॉक्टर म्हणाले, जन्मभर मनगटावर जोर देऊन तिथली नस दबली आहे, त्यात रक्तातली साखर. रात्री मनगटाला पट्टा बांधा, साखर ताब्यात ठेवा, काम सोडा. पट्टा ती मनात आलं तर बांधायची. साखर तोंडापुरती सोडली. कामाचा विषय काढला की ती उठून भांडी घासायला जायची.

मी रक्त तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते. लोकांच्या दंडाला पट्टा आवळायचा, बोटाच्या टोकाने शीर शोधायची, सुई घालायची. शीर दिसत नाही तेव्हाही बोटाला लागते. बोटं ही माझी पोटापाण्याची वस्तू आहे, म्हणून बोटं गेलेल्या माणसाने कसं वावरायचं ते मी पुस्तकं वाचून, डॉक्टरांना विचारून शोधून काढलं आणि आईला शिकवलं. आंघोळीचं पाणी हाताने नाही, कोपराने बघायचं. कोपर खोटं बोलत नाही. धातूच्या दांड्याला फडकं गुंडाळायचं. आणि रोज संध्याकाळी दिव्याखाली दोन्ही हात बघायचे. दुखत नाही ती जखम बघितल्याशिवाय सापडत नाही.

हात बघण्याच्या त्या निमित्तानेच मी आईचा हात हातात घेत असे. एरवी आमच्यात तशी पद्धत नव्हती. मी लहान असताना तापाने फणफणले, परीक्षेत पहिली आले, सायकलवरून पडून दात पाडून घेतला, प्रत्येक वेळी मी तिच्याजवळ गेले आणि प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळालं. "हात रिकामे नाहीत माझे. रिकामे झाले की बघू." ते खोटंही नव्हतं. तिच्या हातात नेहमी काहीतरी असायचंच. फक्त दादा आला की ते हात ॲप्रनला पुसले जायचे आणि त्याच्या केसांतून फिरायचे. दादा दुसऱ्या देशात राहतो. वर्षातून एकदा येतो, आणि बाकीचं वर्षभर फोनवरून सांगतो, आईला कामावर पाठवू नकोस. उंटावरून शेळ्या हाकायला त्याला मोठा उंट मिळालाय.

त्या संध्याकाळी तपासणी झाल्यावरही आईचा हात काही क्षण माझ्या हातातच राहिला.

"झालं का?" तिने विचारलं.

"झालं."

ती उठली. नळ सोडल्याचा आवाज आला.

दुसऱ्या दिवशी दुपारी लॉन्ड्रीतून फोन आला. जेवणाच्या सुटीत आई टेबलाशेजारच्या खुर्चीवर बसली होती आणि सुटी संपल्यावर उठली नाही. तिच्या शेजारच्या टेबलावर काम करणाऱ्या बाईला सगळे भोंगा म्हणतात, कारण यंत्रांच्या आवाजातही तिचं बोलणं रस्त्यापर्यंत ऐकू जातं. तिने दारातच मला धरलं. "आम्हाला वाटलं झोपली गं! हात तर गरम होते!"

मी आईच्या कपाळाला हात लावला. गार होतं. गालही गार. हात मात्र खरंच गरम होते, आत्ताच काम थांबवल्यासारखे. मांडीवर चादरींची ताजी घडी होती, हात त्या घडीवर होते. इस्त्रीच्या कापडाची ऊब बराच वेळ टिकते. मी तसं मनाशी म्हटलं आणि कामाला लागले. अशा वेळी कामं खूप असतात.

दादा आला, आठवडाभर राहिला. शेवटच्या दिवशी तो रडत म्हणाला, "किती मऊ हात होते गं आईचे!" आईचे हात पॉलिश पेपरसारखे होते. ज्याच्या वाट्याला मऊ आले, त्याला ते मऊ.

तो गेल्यावर मी कामावर रुजू झाले. एका सकाळी एका जाड्या गृहस्थाच्या हातावर बोट ठेवलं, तर बोटाखाली काहीच नव्हतं. म्हणजे हात होता, मला तो दिसत होता. पण लागत नव्हता. लाकडाच्या बोटाने चाचपावं तसं. मी अंदाजाने सुई घातली, चुकली. पुन्हा घातली.

"बाई, विहीर खणताय का?" ते म्हणाले. रांगेतले लोक हसले. मीही हसले.

आमच्या प्रयोगशाळेच्या म्हाताऱ्या डॉक्टरांनी मला आत बोलावलं. डोळे मिटायला लावून कापूस फिरवला, टाचणी टोचली, गरम आणि गार पाण्याच्या नळ्या लावल्या. मी एकाही वेळी बरोबर सांगितलं नाही. मग त्यांनी मला नसांच्या तपासणीला पाठवलं. रिपोर्ट त्यांनी चष्मा वर करून वाचला, चष्मा खाली करून वाचला.

"तुमच्या नसा माझ्यापेक्षा धडधाकट आहेत," ते म्हणाले. "मनगट चांगलं, मान चांगली, साखर नाही. नस मेलेली नाही. कुठेतरी दबली आहे, एवढंच."

"कुठे?"

"ते सापडत नाही." मग ते हळूच म्हणाले, "दुःखानेही असं होतं कधीकधी. थोडे दिवस सुया राहू द्या. बाहेर नोंदणीला बसा."

मी नोंदणीला बसले. माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी आली. सगळे म्हणत होते की ही तात्पुरती व्यवस्था आहे, आणि त्या मुलीने पहिल्याच दिवशी खुर्चीची उंची स्वतःच्या मापाने करून घेतली. बोटं परत आली नाहीत तर मी जन्मभर लोकांना "पुढे सरका" म्हणत बसणार होते.

आईचे नियम मी स्वतःला लावले. पाणी कोपराने बघितलं. रात्री तिचाच पट्टा बांधला. त्याच्या आतल्या बाजूला तिच्या घामाचा काळपट वळ होता. संध्याकाळी दिवा जवळ ओढून मी टेबलावर दोन्ही हात पसरायचे. समोरची खुर्ची रिकामी असायची.

आधी बोटांची टोकं गुळगुळीत, चकचकीत दिसायला लागली. मग उजव्या मधल्या बोटावर बारीक ओरखडा दिसला. कागदाने कापलं असेल, नोंदणीला कागद फार. मग एके दिवशी अंगठ्याच्या बुडाशी भाजलेलं दिसलं. लाल, चंद्रकोरीसारखं, कडेला पाणी धरलेलं.

चहा करताना भाजलं असणार. बधिर हाताला कळलं नाही, सरळ आहे. मी गॅसची शेगडी बंद केली ती बंदच. चहा बाहेर प्यायला लागले, जेवणही बाहेरून आणलं. आमच्या घरात इस्त्री नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चादरी कडक करणाऱ्या बाईने घरासाठी इस्त्री घेतली नाही, आम्ही चुरगळलेलेच कपडे घालायचो. तेव्हा घरात तापेल असं काही राहिलं नव्हतं.

पुढच्या संध्याकाळी दुसऱ्या हातालाही तशीच चंद्रकोर होती. मी हात नाकाजवळ नेला. खळीचा वास येत होता.

लॉन्ड्रीत आईची चप्पल आणि ॲप्रन राहिलं होतं. ते आणायचं म्हणून मी एका दुपारी सुटी घेऊन गेले. आत नेहमीसारखी वाफ, ओल्या कापडाचा जड वास, बायांचं हसणं. मला पाहिल्यावर हसणं थांबलं. भोंगाने ॲप्रन आणि चप्पल एका पिशवीत घालून तयार ठेवली होती. पिशवी माझ्या हातात देऊन ती दाराकडे चालायला लागली, जणू मी निघालेच होते.

"आईचं टेबल बघते," मी म्हटलं.

"काय बघायचंय त्यात? टेबलासारखं टेबल."

खिडकीजवळच्या टेबलावर कोणी नव्हतं. शेजारच्या टेबलावर मात्र दोघी दाटीवाटीने उभ्या होत्या.

"इथे कोणी का उभं राहत नाही?"

"उगाच. जागा काय कमी आहे?" मग मी न विचारताच ती म्हणाली, "प्लग काढलाय. केव्हाच काढलाय आम्ही."

वायर गुंडाळून भिंतीवरच्या खिळ्याला लावलेली होती. इस्त्री आडवी, तोंड भिंतीकडे. मी टेबलावर तळहात ठेवला. काही लागलं नाही. लागणार कसं? मी बाही वर केली आणि कोपर टेकवलं.

कोपर झटकन आपोआप वर आलं.

भोंगा खिडकीबाहेर बघत होती.

टेबलाच्या डाव्या बाजूला घड्यांची रास होती. चारही कोपरे आत दुमडलेले, वरची कड बोटाने दाबून बसवलेली. घरी आमचे पंचेसुद्धा आई तशीच घडी घालून ठेवायची. उजवीकडच्या पेटीत न केलेले अभ्रे होते. अगदी थोडे. तळ दिसत होता.

"हे कोण करतं?"

या बाईला हळू बोलता येतं हे मला तेव्हा कळलं. "तिचा म्हणून ढीग राहिला होता त्या दिवशीचा. पेटी शिगोशीग होती गं. आम्ही हात नाही लावला. मन होईना." तिने ओठांवरून हात फिरवला. "रोज थोडा कमी होतोय."

"मालकांना सांगितलं?"

"काय सांगू?"

मी पिशवी घेतली. दाराशी आल्यावर भोंगाची नजर माझ्या हातांवर गेली आणि तिने पटकन मान वळवली. दारातून मी एकदा मागे पाहिलं. पेटीत एकच अभ्रा दिसत होता. मघाशी चार-पाच तरी असावेत.

घरी आले. ॲप्रन खुंटीला लावलं. दिवा जवळ ओढला आणि खुर्चीत बसून टेबलावर दोन्ही हात पालथे ठेवले.

बाहेर कोणीतरी स्कूटर सुरू करत होतं. ती सुरू झाली, निघून गेली.

मग मला टेबल लागलं.

आधी बोटांच्या टोकांना, मग तळव्यांना. लाकडाच्या रेषा, कडेचा टवका, कधीतरी सांडलेल्या दुधाचा चिकट डाग. मी श्वास रोखला. माझी बोटं परत आली होती. आणि त्यांच्यामागून एकदम सगळं आलं. दोन्ही चंद्रकोरी, तो ओरखडा, आणि मला न दिसलेले आणखी कितीतरी चटके, एकेक करून नाही, सगळे मिळून. डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. हात उचलावेसे वाटत होते, पण मी ते उचलले नाहीत.

आईचं काम संपलं होतं. जिला माझे हात हवे होते, तिने ते सोडले होते.

समोरची खुर्ची रिकामी होती. मी तिच्याकडे बघितलं नाही. हातांकडेच बघत राहिले आणि बोलले. आवाज लहान मुलीसारखा निघाला, त्याचा मला राग आला.

"आई, तुझे हात रिकामे झाले असतील तर एकदा माझ्या डोक्यावरून हात फिरव. दादाच्या फिरवायचीस तसा."

नळ ठिबकत होता.

"एकदाच," मी म्हटलं. "मग जा."

टाळूवर काहीतरी टेकलं.

माझे दोन्ही हात समोर होते, दिव्याखाली, पालथे. मी ते पुन्हा एकदा पाहिले. एक. दोन.

डोक्यावरचा हात जड होता. तो हळूहळू, चाचपडत केसांतून फिरला. डोकं कुठे संपतं ते त्याला कळत नसल्यासारखा कानाशी अडखळला, पुन्हा वर गेला, पुन्हा पहिल्यापासून फिरला. मी डोळे मिटले.

मग वास आला. केस जळल्याचा.

आईला तो अजून आला नसावा.

मी डोकं हलवलं नाही.