दोन्ही हातांची खूण

"ताई, आता तुम्ही या पुढे. भिंतीकडे तोंड करा आणि दोन्ही हात वर करा!"

सुतार कानामागची पेन्सिल काढत अगदी सहज म्हणाला, आणि ताईने उजवा हात पदराआड ओढून घेतला.

स्वयंपाकघराचं छत अकरा फूट उंच होतं. छताला भिडलेली जुनी कपाटं कालच उतरवली होती आणि ओट्यावरची भिंत उघडी पडली होती. भावजयीला नवी कपाटंही छतापर्यंतच हवी होती, म्हणजे वर धूळ साचायला नको. धाकटा भाऊ म्हणत होता, एवढ्या उंच चढायचं कुणी? पण सुतार दोघांचंही ऐकेना. कागदावरच्या मापावर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. "छत उंच आहे म्हणून कपाटं उंच लावायची नसतात साहेब, छत काही डबा उतरवायला येत नाही!" असं म्हणून तो ओट्यापाशी राबणाऱ्या बाईला भिंतीपाशी उभं करायचा. बोटं पोचतील तिथे खूण, आणि रोजच्या वापराची वरची फळी त्या खुणेच्या खाली. तेही दोन्ही हातांनी, कारण भरलेला डबा कुणी एका हाताने उतरवत नाही.

"माझी नको, हिची खूण घ्या," ताई भावजयीकडे बोट दाखवत घाईघाईने म्हणाली. "उद्यापासून स्वयंपाकघर हिचंच आहे."

"ते काही नाही!" धाकटा म्हणाला. "हे स्वयंपाकघर तुझ्यासाठी करतोय मी. खूण तुझीच!"

किती वर्षांनी त्याच्या तोंडून इतकं मायेचं काही ऐकलं होतं तिने! आई गेली तेव्हा धाकटा आठ वर्षांचा होता आणि ताई सतरा. वडील त्याच्याही आधी गेलेले. त्या दिवसापासून ती त्याची आई झाली, बाप झाली… स्वतःच्या लग्नाचा विषय निघाला की हसून उडवून लावू लागली, आणि पुढे पुढे तो विषय काढणारंही कुणी उरलं नाही. असा हा तळहातावरच्या फोडासारखा जपलेला भाऊ आठ वर्षांपूर्वी बायको आणि वर्षाच्या लेकीला घेऊन घर सोडून गेला होता. का? तर ताईने त्याच्या लेकीला कधी उचलून घेतलं नाही म्हणून! दवाखान्यातून बाळ घरी आलं तेव्हा भावजयीने हौसेने पुढे धरलं, तर ताई चक्क मागे सरली. "राहू दे गं, माझे हात ओले आहेत." दुसऱ्या दिवशी हात पिठाचे, तिसऱ्या दिवशी साबणाचे… वर्षभर ताईचे हात काही कोरडे झाले नाहीत! शेवटी भावजय संतापून रडत म्हणाली होती, "दगडालासुद्धा पाझर फुटला असता!" ताईने तेही ऐकून घेतलं.

आता मात्र धाकट्यालाच राहवेनासं झालं होतं. ताई एकटी पडली, पन्नाशीला आली, म्हणून आपणहून तो परत यायला निघाला होता. पुढच्या महिन्यात घर पुन्हा भरणार होतं. ताईला देवाकडे आणखी काहीच मागायचं नव्हतं, फक्त तेवढं होईपर्यंत एक गोष्ट झाकलेली राहू दे… बस्स!

तिने डावा हात वर केला. ताठ, छान वर गेला.

"दुसरा?" सुतार म्हणाला.

उजवा हात उठला, खांद्यापाशी आला आणि थांबला. ताईने ओठ घट्ट मिटले. कपाळावर घाम तरारला, पण तो हात पुढे बोटभरही सरकेना.

"एवढ्या खाली?" धाकट्याचा चेहरा उतरला. "ताई, अजून राग धरून बसलीयेस का? मी येतोय ते नको असेल तर स्पष्ट सांग ना! हे असं अर्धवट कशाला?"

"नाही रे, तसं नाही…"

"मग कर ना वर!" असं म्हणत त्याने पुढे होऊन तिचं मनगट धरलं आणि हात वर ओढला.

ताई किंचाळली!

कुणाच्याही काळजाचं पाणी व्हावं असा तो आवाज होता. ती भिंतीला टेकत टेकत खाली बसली, आणि धाकटा स्वतःच्याच हाताकडे बघत उभा राहिला. सुताराला काय वाटलं कोण जाणे, तो मुकाट्याने बाहेर अंगणात गेला.

भावजयीने धावत येऊन पाणी दिलं. ब्लाउजच्या बाहीवरून अलगद बोटं फिरवली, आणि तिचा हात जागच्या जागी थबकला. खांद्याचं हाड वाकडं सांधलं होतं.

"ताई… हे कधीचं आहे?"

"जुनं आहे गं. वयाने होतं असं."

"वयाने हाड वाकडं होत नाही!" भावजय तिच्यासमोर बसली. "म्हणजे माझी सोनुली… तुम्ही तिला… या हातामुळे?"

आता खोटं बोलायला ताईकडे काही शिल्लक नव्हतं. "घेतलं होतं गं एकदा," ती हळूच म्हणाली. "तू दुपारची झोपली होतीस. राहवलं नाही मला! छातीशी धरलं, आणि एकदम कळ आली… हात सुटला. गादी होती खाली, म्हणून वाचली पोर! त्यानंतर माझी छातीच झाली नाही. तू मला दगड म्हणालीस ना, तेव्हा बरंच वाटलं बघ. निदान पोरगी तरी माझ्या हातात कुणी देणार नाही…"

भावजय तिच्या गळ्यात पडून हमसून हमसून रडू लागली. घरात रात्रंदिवस राबणाऱ्या माणसाकडे कुणी निरखून बघत नाही, हेच खरं. वरची कपाटं इतकी वर्षं रिकामी होती, सगळे डबे खाली आलेले होते, त्यावरून थट्टाही झाली होती. कारण मात्र कुणी विचारलं नव्हतं.

धाकटा अजून तसाच उभा होता. आणि मग तो अगदी हळू, जणू स्वतःलाच विचारावं तसं बोलला.

"मी कॉलेजला बाहेरगावी निघालो, त्या दिवशी तू हात हलवला नव्हतास. भर उन्हात शाल गुंडाळून उभी होतीस. मी बसमध्ये रडलो होतो, ताईला माझ्या जाण्याचं काहीच वाटत नाही म्हणून…"

"जाऊ दे ना ते आता."

"माझी बॅग वरच्या कपाटात होती. अगदी छताला. मी सकाळी उठलो तर ती भरून दाराशी ठेवलेली होती." त्याने वर छताकडे पाहिलं. "ताई, ती खाली कुणी काढली होती?"

ताईने पदराने तो खांदा पुन्हा झाकून घेतला. बावीस वर्षं तिने हा एक प्रश्न त्याच्यापर्यंत पोचू दिला नव्हता! बॅग काढताना स्टुलावरून पडली त्या पहाटे तोंडात ओढणीचा बोळा कोंबून ती कण्हली होती, कारण त्याला जाग आली असती तर तो गेलाच नसता, कॉलेजमधली जागा हातची गेली असती. तीन महिन्यांनी डॉक्टरकडे गेली तेव्हा फार उशीर झाला होता.

"माझ्या बॅगेपायी!" धाकटा तिच्यासमोर गुडघ्यांवर कोसळला. "आणि मी तुला आठ वर्षं… ताई, मार मला! काहीतरी बोल!"

"वेडा आहेस का रे! म्हणूनच सांगत नव्हते ना मी…" ती त्याचं डोकं कुशीत घेऊन थोपटत राहिली. तिघंही किती वेळ रडत होती, ते कुणालाच कळलं नाही.

शेवटी सुतार दारात येऊन खाकरला. "साहेब, मग खूण कुठे करू? बाईसाहेबांची घेऊ?"

धाकटा उठला. त्याने सुताराच्या हातून पेन्सिल घेतली आणि ताईच्या खांद्याच्या उंचीला भिंतीवर आडवी रेघ मारली. "याच्या वर काही लावायचं नाही. सगळं ओट्याखाली, खणांमध्ये."

"अहो, वर साडेसहा फूट भिंत मोकळी पडेल! अगदी उघडी दिसेल ती."

"दिसू दे."

ताई धडपडत उभी राहिली. "नको रे बाबा! माझं ऐक, लावून घे कपाटं, छतापर्यंत लाव! तू रोज इथे जेवायला बसशील, रोज त्या भिंतीकडे बघशील, रोज जीव जाळशील… याच्यासाठी मी एवढी वर्षं गप्प राहिले का?"

पण त्याने पेन्सिल परत देऊन टाकली होती. भावजयीनेही डोळे पुसत सुताराला मान डोलावली. त्याने वही उघडून वरच्या कपाटांच्या मापांवर काट मारली आणि टेप गुंडाळली. ताईला त्या भिंतीकडे बघवेना, आणि धाकट्याची नजर तिथून काही केल्या हलेना.