तीनशे ऐंशी फेरे

शालनताईंनी लेथ थांबवला तेव्हा धातू कापणाऱ्या टूलचं टोक तापून निळं पडलं होतं. आठवड्यातलं हे चौथं. चाळीस मिलिमीटरच्या साध्या पोलादी सळईला मिनिटाला दोनशे चाळीस फेरे पुरतात, हे त्या भिंतीवरच्या तक्त्यावरून स्वतःच शिकल्या होत्या. पण कर्णक तीनशे ऐंशीवर अडून बसला होता.

कर्णक म्हणजे लेथवर बसवलेली, आवाज ऐकून वेग ठरवणारी काडेपेटीएवढी डबी. टूलपुढून धातू किती वेगाने सरकावा, म्हणजे कापवेग, हे त्यांचे यजमान बळवंतराव आवाजावरून ठरवत. टूल किंचाळलं की वेग उतरवत. पाच वर्षं त्यांच्याजवळ राहून डबीने ती कला उचलली. बळवंतराव जाऊन आता सहा महिने झाले होते आणि कुपवाडच्या त्या शेडमध्ये त्यांचं एवढंच काय ते उरलं होतं. शेवटची दोन वर्षं नवऱ्याशी कामापुरतंच बोललेल्या बाईला ती डबी जीव की प्राण व्हावी, याचं शालनताईंना स्वतःलाच नवल वाटे.

डबी तपासायला आलेल्या अफसाना मुजावरने आतल्या नोंदी लॅपटॉपवर पाहिल्या, पुन्हा पाहिल्या आणि उगाचच चष्मा पुसला.

“काकी, कर्णक बिघडलेला नाही. तो काकांसारखंच ऐकतोय. काकांना बारीक, टोकदार आवाज ऐकू येईनासे झाले होते. टूल किंचाळतंय हे त्यांना कळतच नव्हतं.”

“कधीपासनं?”

नोंदी सांगत होत्या, अडीच वर्षांपूर्वीच्या दसऱ्याच्या आधीपासून.

शालनताई स्टुलावर बसल्या. त्या वर्षी खंडेनवमीला लेथची पूजा झाल्यावर, प्रसादाची ताटली हातात धरून, त्यांनी धीर करून विचारलं होतं, मला लेथ शिकवाल का? “नको आता,” ते म्हणाले. पुढचं ऐकायला त्या थांबल्याच नाहीत. अपमान फार लागला होता. पुन्हा कधी विचारलं नाही आणि हळूहळू बाकीचं बोलणंही आटत गेलं.

डबीत त्या दिवसाचे आवाज अजून होते. काकांना ते कसे ऐकू आले असतील, हेही ऐकवता येईल, असं अफसाना चाचरत म्हणाली. शालनताईंनी होकारार्थी मान हलवली.

आधी लांबवरची हलगी. मग पाण्याखालून बोलावं तसं एक बाई काहीतरी पुटपुटली. एकही शब्द लागेना. फक्त शेवटी स्वर वर गेला, आग्रह करताना जातो तसा. त्यावर बळवंतरावांचा मायेचा, जाड आवाज.

“नको आता. दोन पेढे झाले माझे. तू खा.”

शालनताई पदराने तोंड दाबून रडल्या. अफसानाने हलकेच सांगितलं, की काकांच्या शेवटच्या दोन वर्षांचं शिकणं पुसलं तर कर्णकाला पूर्वीसारखं नीट ऐकू येईल. नाहीतर टूलं अशीच जळत राहतील. पुसू का, तिने विचारलं.

शालनताईंनी डबीवर हात ठेवला.

“नीट ऐकायला लागल्यावर,” त्या म्हणाल्या, “त्या दिवशी मी काय विचारलं होतं, ते कळेल का गं ह्याला?”