मेट्रन मरायला तयार नाही

बुधवार. दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं. स्टुडिओतला आयसीयू. पलंगावर चादरीखाली माणूस नव्हता, दोन उशा होत्या. आणि त्या उशांमधून आवाज येत होता.

पटणार नाही, माहीत आहे. पण मी तिथे होते. ऐकलं तेवढंच लिहिते.

दुपारी दीडला लागणाऱ्या एका हॉस्पिटलच्या मालिकेचे संवाद मी लिहायचे. माझी मावशी त्यात अकरा वर्षं मेट्रन होती. ती खरोखरच आजारी पडली, तेव्हा आम्ही मेट्रनला कोमात टाकलं. मावशीला पडल्यापडल्या काम करता यावं म्हणून.

मग वाहिनीचा निरोप आला. शुक्रवारच्या भागात मेट्रनला मारा.

"मला न्यायचं तेव्हा नेईल माझं दुखणं," मावशी म्हणाली. "पण तिला हात लावायचा नाही. अकरा वर्षं उभी ठेवलीय मी तिला. बदली दाखव, परदेशी पाठव. मरण लिहिलंस तर बघ!"

"मावशी, नोकरी जाईल माझी."

"जाऊ दे. हात शाबूत आहेत ना?"

मी हसले. आणि मरण लिहिलं.

मंगळवारी सकाळी मावशी गेली.

बुधवारी तरीही सीन लागला. चेहरा दाखवायचा नव्हता, म्हणून उशा.

एक गोष्ट सांगते. सेटवरचा मॉनिटर मुका असतो. नुसती हिरवी रेघ पळते. ठोक्यांचा आवाज नंतर, एडिटिंगमध्ये घालतात.

डॉक्टर झालेला नट म्हणाला, "सॉरी. त्या गेल्या."

शांतता...

टिक्.

"कट! कुणाचा मोबाइल आहे?" दिग्दर्शक ओरडला.

सगळ्यांचे मोबाइल बाहेर जमा होते.

दुसरा टेक. "त्या गेल्या."

टिक्... टिक्...

साउंडवाल्या दादांनी हेडफोन काढला. काढूनही ऐकू येत होतं. कुणीतरी मॉनिटरची वायर उपटली. पडदा काळा झाला.

टिक्... टिक्... टिक्...

एसी बंद केला. दिवे बंद केले. आवाज पलंगावरून येत होता.

सातव्या टेकला नटाने चादरीवरचा हात झटकन मागे घेतला.

"अहो, गरम लागतंय हे! मी नाही करणार."

निर्माता माझ्याकडे वळला. "मावशीनं आयुष्यभर नखरे केले. आता गेल्यावरही? तू दोन वाक्यं बदल, उद्या उरकून टाकू."

मी घाबरले होते. पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटत होती. मी त्याच्या हातातली पानं ओढून घेतली.

"मेट्रन मरणार नाही. दुसरं काय हवं ते सांगा."

आणि पानं फाडली.

आवाज थांबला...

मला तिथल्या तिथे काढलं. दुसऱ्या लेखकानं मरण लिहिलं. गुरुवारी ते शूट झालं, काही अडलं नाही म्हणे.

आज शुक्रवार. दीडला मी टीव्ही लावला.

तो भाग नव्हताच. मावशी होती. वॉर्डात उभी, एका डॉक्टरला झापत होती... आठ वर्षांपूर्वीचा भाग.

एडिटरला फोन केला.

"जुना कुठे? नवीनच चाललाय. माझ्यासमोर चालू आहे. तुझ्याकडे काय दिसतंय?"

"मेट्रन," मी म्हणाले. "उभी आहे."

त्यानं फोन ठेवून दिला.

भाग दोनला संपतो. आता पावणेतीन झालेत. माझ्या टीव्हीवर तो अजून चालू आहे...

मी बंद केलेला नाही. करणारही नाही.