गोड लागलेलं पाणी

फोन कॉलेजच्या सोनाली मॅडमचा होता, आणि मॅडम कधी सकाळी सकाळी फोन करत नसत.

"संगीता, तुझी पाकिटं शहापुरात ज्यांनी ज्यांनी खाल्ली, त्या सगळ्यांचे घसे खाजून लाल झालेत. दुपारी कक्षात ये. तुझी कल्पना बंद करावी लागेल, असं दिसतंय."

"माझ्या पाकिटानं खाजणार नाय मॅडम."

"खाजलंय, संगीता."

फोन ठेवला गेला. शेणव्यापलीकडच्या वाडीतल्या आपल्या ओट्यावर संगीता शेवळं चिरत बसली होती. विळी तशीच टाकून ती उठली आणि जीप पकडायला निघाली.

शेवळं ही पावसाच्या तोंडावर रानात उगवणारी भाजी. चवीला झकास, पण स्वभावानं खाष्ट. नुसती शिजवून खाल्ली तर घशात अशी खाज सुटते की माणूस बोलायचा थांबतो. तिच्यावर उतारा म्हणजे काकडं, लहान आवळ्यासारखी दिसणारी आंबट रानफळं. म्हणून तर बाजारात शेवळांचा वाटा घेतला की विकणारी बाई न मागता वर मूठभर काकडं टाकते. ती नको म्हणणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं होतं.

कॉलेजच्या नवउद्योग कक्षात संगीतानं हीच कल्पना मांडली होती. वाळवलेली शेवळं आणि सोबत छोट्या पुडीत काकडांची पूड, एकाच पाकिटात. शेवळं वाळवणं सोपं होतं. काकडांच्या पुडीनं मात्र तिला रडवलं. एका हंगामात बुरशी आली, दुसऱ्यात पुडीचा दगड झाला. शेवटी खडेमीठ घालून कुटली तेव्हा ती टिकली. मग मॅडम म्हणाल्या, तुला आवडून उपयोग नाही, परक्या माणसानं आपल्या चुलीवर करून बघितली पाहिजे. म्हणून शहापुरात आणि मुरबाडात काही घरांना पाकिटं वाटली होती.

शहापूरच्या बाजारात तिची बाईजा मावशी शेवळांचे वाटे मांडून बसली होती. एवढ्या वेळात पाटी रिकामी व्हायची. आज ती भरलेलीच होती.

"कोन हात लावीत नाय गो," बाईजा म्हणाली. "वाडीची शेवळं इषारी म्हनतात. तुज्या पाकिटानं आमची भाजी बाद क्येली."

संगीताला हे फार लागलं. तिची कल्पना राहिली तर राहिली. पण वाडीतल्या बायका काट्याकुट्यांतून जी भाजी गोळा करून आणतात, तिला विष म्हणायचं?

"तुज्या कॉलेजातला तो कल्यानवाला सर," बाईजाचं चालूच होतं, "परवा दोन वाटे घिऊन ग्येला. काकडं टाकाया लागले तर म्हनला, नको. आज बगितलं तर तोंड फिरवून ग्येला."

संगीताचं लक्ष भरल्या पाटीवर होतं. तिनं चार काकडं ओढणीत बांधली आणि ती रविंद्रकाकांच्या शिलाईच्या दुकानात गेली. पाकीट खाल्लेल्यांपैकी ते एक होते.

"काका, भाजी कशी केलीत?"

"पाकिटावर लिहिलंय तशीच."

"पुडी घातली?"

"सगळी घातली. आंबट होती चांगली. मी तर जिभेवर ठेवून पण बघितली."

"मग?"

"मग काय, घास गिळला आणि खाज सुटली. तांब्याभर पाणी प्यालो, तर तेही गोड लागलं. नळाचं पाणी कधी गोड लागतं का पोरी? तेव्हाच म्हटलं, यात काहीतरी मिसळलंय."

संगीतानं दुकानाबाहेर येऊन हेमंतला फोन लावला. हेमंत मुरबाडचा, वर्गातला आणि या धंद्यातला तिचा जोडीदार.

"मुरबाडला कोणाला खाजलं?"

"कोणालाच नाय. एक आजी तर अजून मागतेय. का गो?"

"तुझी पाकिटं कुठं बंद केली होतीस?"

"बंद कुठं केली? एसटी चुकत होती. तुझ्या ओट्यावरनं उचलली, दोरा बांधला नि पळालो. शहापूरची तेवढी कक्षात ठेवली, मशिनीवर सील करायला. त्या रात्री ती कपाटात होती."

मॅडम शिकवत, चाचणीत एका वेळी एकच गोष्ट बदलायची. म्हणजे फरक पडला तर कशानं पडला ते कळतं. संगीतानं तोच धडा आता घोळ शोधायला लावला. शेवळं तीच, पूड तीच, हात तेच. बदललं ते फक्त कपाट. त्याच्या किल्ल्या दोघांकडे होत्या, सोनाली मॅडमकडे आणि कल्याणहून येऊन कक्षाचं काम बघणाऱ्या दिपेश सरांकडे.

कक्षात दिपेश सर एकटेच होते. टेबलावर चिकटपट्टीनं बांधलेलं एक खोकं होतं.

"सर, शहापूरची पाकिटं कोणी सील केली?"

"मी. सकाळी आल्या आल्या."

"पुड्या उघडल्या होत्या?"

"मी कशाला उघडू? हे बघ, तुमच्या वाडीत स्वच्छता कमी पडली असेल. मनाला लावून घेऊ नकोस."

"रविंद्रकाकांना वर पाणी गोड लागलं."

"त्यात काय विशेष? ते खाल्ल्यावर पाणी गोड लागतंच."

"आणि हे खोकं?"

"ठाण्याच्या स्पर्धेसाठी. माझ्या मित्राची कल्पना आहे. गुप्त आहे, हात लावू नकोस."

संगीता गॅलरीतल्या नळापाशी गेली. ओढणीतलं एक काकड तिनं चावलं. तोंड कसनुसं झालं. मग ओंजळभर पाणी प्याली. पाणी पाण्यासारखंच लागलं.

ती तिथंच थबकली. आणि मग बाजारातलं मावशीचं बोलणं तिला आठवलं, मघाशी एका कानानं ऐकून दुसऱ्या कानानं सोडलेलं. तिचा राग आता थंड झाला होता, आणि संगीताचा थंड राग वाईट.

दुपारी मॅडम आल्या. हेमंत मुरबाडहून आला. रविंद्रकाकांना तिनं स्वतः बोलावून आणलं.

"मॅडम, बंद करायच्या आधी माझी एक चाचणी बघा," ती म्हणाली. वाटायचं राहिलेलं एक पाकीट तिनं कपाटातून काढायला लावलं, पुडी फोडली आणि चिमूट चिमूट सगळ्यांच्या हातावर ठेवली. "चाखा, वर पाणी प्या."

"गोड," रविंद्रकाका म्हणाले. "अगदी तसंच."

"हा तर आवळा आहे," मॅडम म्हणाल्या.

"आवळाच. आता हे काकड चावून पाणी प्या."

सगळ्यांनी तोंडं वाकडी केली. पाणी कोणालाच गोड लागलं नाही.

"मी काकडांची पूड दिली होती. कपाटात तिचा आवळा झाला."

"हेमंतच्या घरी आवळ्याची झाडं आहेत, मॅडम," दिपेश सर चटकन म्हणाले.

हेमंतचा चेहरा उतरला. संगीतानं त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"हेमंतनं नेलेली पाकिटं चांगली निघाली, आणि त्याच्याकडे किल्ली नाय. किल्ली तुमच्याकडे आहे, सर. पाणी गोड लागतंच, असं सकाळी तुमीच म्हणालात. काकडांवर लागत नाय. आवळ्यावर लागतं. पुडीत आवळा आहे हे तेव्हा मलाही ठाऊक नव्हतं. तुमाला कसं ठाऊक?"

"बोलण्याच्या ओघात निघून गेलं असेल."

"मग हे सांगा. परवा माझ्या मावशीकडून दोन वाटे शेवळं घेतलीत. तिनं काकडं दिली, तुमी नको म्हणालात. आमच्याकडं असं कोणी म्हणत नाय, सर. शेवळं घेऊन काकडं नाकारणारा माणूस एक तर वेडा, नाहीतर त्याच्याकडं काकडं आधीच आहेत."

संगीतानं टेबलावरच्या खोक्याकडे बोट केलं.

"मॅडम, खोकं उघडा."

"ते माझं खाजगी..."

"दिपेश, उघड," मॅडम म्हणाल्या.

आत छान छापलेली पाकिटं होती. वाळवलेली शेवळं आणि प्रत्येकात एक पुडी. मॅडमनी पूड जिभेवर ठेवली आणि पाणी प्याल्या.

"गोड नाही," त्या म्हणाल्या. "आणि खारट आहे."

"खडेमीठ," संगीता म्हणाली. "त्याच्याबिगर ती टिकत नाय. दोन हंगाम घालवले मी त्यासाठी. सरांनी माझी पूड खोक्यात भरली आणि माझ्या पुड्यांत दुकानातला आवळा. आंबट ते आंबट, असं वाटलं असेल. पण लोकांना खाजलं तेव्हा तुमाला कळलं होतं, सर. तेव्हा तुमी वाडीच्या स्वच्छतेवर बोट ठेवलंत."

दिपेश सरांनी खुर्ची ओढली आणि ते बसले. "मुदत संपत आली होती," एवढंच ते म्हणाले.

मॅडमनी त्यांची किल्ली काढून घेतली, प्राचार्यांकडे तक्रार करते म्हणाल्या, आणि संगीताकडे वळल्या. "ठाण्याला तू जाशील. तुझ्या नावानं."

"जाईन. पण आधी बाजारात चला."

"बाजारात कशाला?"

"वाडीची शेवळं विषारी, हे बाजारभर झालंय. इथं चार भिंतीत मी खरी ठरून मावशीची पाटी रिकामी होत नाय. तुमी सगळ्यांदेखत वाटा घ्यायचा. नायतर ठाण्याला दुसऱ्या कोणाला पाठवा."

मॅडमनी चपला घातल्या.

संध्याकाळच्या गर्दीत कॉलेजच्या मॅडम बाईजापुढं वाकल्या तेव्हा आजूबाजूच्या बायका बघू लागल्या. मागे रविंद्रकाका पिशवी उघडून उभे होते आणि जो विचारेल त्याला आवळ्याची हकिगत सांगत होते. बाईजानं वाटा उचलून मॅडमच्या पिशवीत टाकला. मग मूठभर काकडं घेतली आणि हात हवेतच धरला.

"का गो बाय," तिनं विचारलं, "काकडं पायजेत ना?"

"पाहिजेत," मॅडम म्हणाल्या, सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.