नवरा वर खोलीत आहे

माझं काम वजनकाटे तपासायचं. औषधांच्या कारखान्यात पावडर मोजतात ते काटे, मिलिग्रॅमच्या हिशेबाचे. पेटीतली प्रमाणित वजनं चिमट्याने उचलून ताटलीवर ठेवायची, आकडा बघायचा, चुकला तर दुरुस्त करायचा, सही ठोकायची. अठरा वर्षं हेच करतेय. तेव्हा पुढचं जे सांगणार आहे ते डोकं ठिकाणावर ठेवूनच सांगतेय. विश्वास बसतो की नाही ते तुमचं तुम्ही बघा, मला फक्त एकदा बोलून टाकायचंय.

ज्या देशात मला पाच दिवसांसाठी पाठवलं, त्याचं नाव काढलं की लोक आधी "बापरे" म्हणतात आणि मग कुणाच्या तरी मेव्हण्याला तिथे कसं भर दुपारी लुटलं ते सांगतात. ऑफिसने सूचनांचा कागद दिला होता. दागिने नकोत. रस्त्यात उभं राहून मोबाइलवर पत्ता शोधायचा नाही. दार वाजलं तर ओळखीचं माणूस असल्याशिवाय उघडायचं नाही. आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची थोरली बहीण, मी नसताना ह्यांच्याजवळ राहायला आल्या होत्या. परदेशात नर्सची नोकरी करून बारा वर्षं काढलेली बाई. त्यांनी कागद वाचून बाजूला ठेवला.

"खरी युक्ती यात नाहीच," त्या म्हणाल्या. "कुणीही विचारलं, एकटी आहेस का, तर सांगायचं, नवरा वर खोलीत आहे."

"खोटंच की ते."

"खोटं कसलं? नवरा आहेच ना तुला. माझ्या भावाला डोक्यात घेऊन जा म्हणजे झालं."

हे पलंगावरून हसले. तीन वर्षांपूर्वी झटका आला आणि ह्यांची उजवी बाजू गेली. बोलणं अर्धंमुर्धं कळतं. हाक मारता येत नाही, म्हणून काठीने पलंगाची पट्टी वाजवतात. दोन ठोके, थांबून एक. पाणी हवं असो, नाहीतर मला नुसतं चिडवायचं असो, दोन आणि एक. हात पिठात असताना ते ऐकलं की माझ्या कपाळाला आठी पडते, आणि मग त्या आठीची लाज वाटते. निघाले तेव्हाही वाजवलं ह्यांनी. खाली टॅक्सी उभी होती, उशीर झाला होता. मी वळले नाही.

तिकडच्या विमानतळावरून निघाल्यावर दहा मिनिटांत टॅक्सीवाल्याने विचारलंच, "एकट्याच?"

"नवरा आहे. हॉटेलात, वर खोलीत."

"काय करतात साहेब?"

इथे मला खरं सांगता आलं असतं. काठीवाल्या माणसाला कोण भिणार, अशी मी नंतर स्वतःची समजूत घातली, पण तेवढंच नव्हतं ते. ह्यांचं वर्णन परक्या माणसापुढे करायला जीभ उचलेना. आणि दुसरंच काहीतरी बोलायला मात्र ती चुरूचुरू चालली. "चांगले उंच आहेत, दारातून वाकून यावं लागतं. रोज व्यायाम. स्वभाव जरा तापट." बोलताना मजा आली मला. तिथेच माझं चुकलं, भीतीपोटी नव्हे.

टॅक्सीवाल्याने आरशातून एकदा पाहिलं आणि नजर रस्त्यावर वळवली.

हॉटेल चार मजली, काउंटरला लोखंडी जाळी. जाळीमागे चष्म्याला साखळी लावलेली एक पोक्त बाई. तिला सांगितलं, नवरा मागून येतोय, आणि वर्णन तेच ऐकवलं. एका थापेला दुसरी लागते, तसं पुढे जोडलं की ते डावखुरे आहेत आणि चहा बिनसाखरेचा घेतात. तिने काही न विचारता दोघांची नोंद केली आणि दुसरी किल्ली साहेबांसाठी बाजूला काढून ठेवली.

दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर खोलीत दोन टॉवेल, दोन कप. बाई कामाची दिसते, म्हटलं. मग लक्षात आलं की दुसऱ्या कपाच्या तळाशी चहाचा घोट उरला होता. साखरेच्या पुड्या न फोडलेल्या. कपाचा कान डावीकडे वळलेला. मी खिडकीची कडी पाहिली, कपाटात पाहिलं, पलंगाखाली वाकून पाहिलं. सामान जागच्या जागी होतं. सफाईवालीने प्यायला असेल, असं ठरवून मी कप धुऊन ठेवला.

तिसऱ्या दिवशी लिफ्ट. आत एक छोटा पडदा होता, किती किलो भार चढला ते दाखवणारा. जाईन तिथे आकडा बघायची मला खोडच आहे. मी अठ्ठावन्न, वजनांची पेटी अकरा, एकूण एकोणसत्तर. दोन दिवस तो बरोबर तेवढंच दाखवत होता. त्या दुपारी मी आत शिरले तेव्हाही एकोणसत्तरच होते. दार मिटता मिटता एकशे एकावन्न झाले.

बिघडलेल्या काट्याचा आकडा डळमळतो. हा डळमळला नाही. ब्याऐंशी किलो जास्त, चौथ्या मजल्यापर्यंत. आमच्या ह्यांचं वजन आता बावन्न आहे. कूस मी बदलून देते, म्हणून पक्कं ठाऊक आहे.

चौथ्या दिवशी कारखान्यातून परतताना गल्लीत तीन माणसं आडवी आली. एकाने पेटीकडे हात केला. मग तिघांनीही माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणि नजर हळूहळू वर गेली. हात करणारा माफी मागून भिंतीला टेकला. मी त्यांच्यामधून चालत गेले. मागे पाहिलं नाही. घाबरायला हवं होतं ना? तीन वर्षांत पहिल्यांदा मला कुणीतरी पाठीशी असल्यासारखं वाटलं. कुणाला सांगायची सोय नाही अशी गोष्ट आहे ही.

हॉटेलवर येऊन घरी फोन लावला. वन्संचा आवाज उतरलेला होता. "दोन दिवस नीट जेवला नाही गं तो. आणि काठी वाजवतो ना, मी अगदी उशाशी बसलेली असते, तरी आवाज पलीकडच्या खोलीतून आल्यासारखा वाटतो. तू बरी आहेस ना? एकटी फिरू नकोस."

"एकटी नाहीये मी," मी म्हणून गेले.

मी फोन ठेवला.

निघायच्या दिवशी काउंटरवर एकच किल्ली दिली. बाईने दुसरी मागितली नाही. "साहेबांनी सकाळीच दिली," ती म्हणाली. "पुढे जाऊन घराचं बघतो, म्हणाले."

घरी पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. दार वन्संनी उघडलं, डोळे रडून लाल. पण त्या हसत होत्या.

"उठला गं तो. सकाळी आपला आपण उठून उभा राहिला. मी डॉक्टरांना सांगून येते, फोनवर त्यांचा विश्वासच बसत नाहीये." चपला अडकवून त्या जिना उतरल्यासुद्धा.

तो आतल्या खोलीतून आला. चौकटीखाली मान वाकवून. हे त्या चौकटीतून वीस वर्षं ताठ मानेने ये-जा करायचे. चेहरा ह्यांचाच होता. डाव्या हातात चहाचा कप होता.

"दमलीस," तो म्हणाला. स्वच्छ, खणखणीत. "बैस."

पलंग रिकामा होता, चादर ताणून घातलेली. काठी कुठे दिसेना. त्याने माझ्या मागे जाऊन दाराची कडी लावली.

मी बसले, त्याने दिलेला चहा तोंडाला लावला. साखर नव्हती.

तेवढ्यात दार वाजलं. खालच्या अंगाला, जमिनीवर बसलेल्या माणसाचा हात पोचेल तिथे.

दोन ठोके. थांबून एक.

मी कप खाली ठेवला. उठले मात्र नाही.

"ओळखीचं आहे का कुणी?" त्याने विचारलं. तापटपणा नव्हता आवाजात. उलट काळजी होती.

बाहेर पुन्हा सुरुवात झाली. एक. दोन.

"नाही," मी म्हटलं.

तिसरा ठोका पडलाच नाही.