निळं गटार

“अगं, इथे तर गुडघाभर पाणी आहे!” भोंगा ओरडला. त्याचा आवाजच असा, की त्याच्या कानात सांगितलेलं गुपित पाच मिनिटांत साऱ्या गल्लीला कळायचं.

“शक्य नाही,” शंका म्हणाली. तिचं हे नाव का पडलं, ते वेगळं सांगायला नको.

“मग ये की, बुडून बघ!”

तिसरी होती ठिपकी. ती झऱ्याच्या काठावर बसून पाण्याकडे बघत राहिली. तिची आई रंगारीण, त्यामुळे तिच्या हातांवर बारा महिने रंगाचे ठिपके असायचे. भूगोलाच्या बाईंनी सुट्टीत गावच्या ओढ्याचा नकाशा काढायला सांगितला होता, म्हणून तिघं उगम शोधत टेकडीवर आली होती. पण ठिपकीचं नकाशात लक्ष नव्हतं.

गावातला ओढा चार महिने कोरडा होता. रंगवलेलं कापड वाहत्या पाण्यात खळबळावं लागतं. आईने बादल्या भरभरून खळबळून पाहिलं, तर रंग फुटला आणि गिऱ्हाइकांनी माल परत पाठवला. सुट्टी संपेपर्यंत पाणी आलं नाही, तर दुकान बंद करून शहरात मामाकडे जायचं आणि आईने कपड्यांच्या कारखान्यात काम धरायचं, असं ठरलं होतं. म्हणजे ठिपकीही जाणार होती, कायमची.

“सगळे म्हणतात, उन्हाळ्याने आटला,” ती म्हणाली.

“उन्हाळा सुरू होऊन दोनच महिने झाले,” शंका म्हणाली. “ओढा त्याच्या आधीच आटलाय. मला शंका येतेय.”

“तुला नेहमीच येते!” भोंगा म्हणाला, पण निघाला तोच सगळ्यांत पुढे.

पाण्याचा हात धरून ती खाली उतरली. ठिपकी वहीत एकेक वळण टिपत होती. मोठ्या खडकाला वळसा, मग डावीकडून आलेला ओहोळ, मग लव्हाळ्याची दलदल. शहराला पाणी नेणारा नळ जिथे ओढा ओलांडत होता, तिथे मातीचा एक नवा पट्टा दिसत होता. तिथवर ओढा खळाळत आला आणि पट्ट्यावर येताच जमिनीत शिरला. पलीकडे ओले दगड, त्यापुढे कोरडे दगड. बस्स!

“गिळला की जमिनीने!” भोंग्याचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला.

शंकाचे आजोबा जुने गवंडी. मुलं गावात परतली, तेव्हा ते रोजच्यासारखे पुलाच्या कठड्यावर बसले होते.

“हा तिसरा पूल,” ते म्हणाले. “पहिला लाकडी होता, तो ओढ्याने नेला. दुसरा माझ्या आजोबांनी बांधला, तोही नेला. सोबत बाजारही नेला, म्हणून तर बाजार आता चढावर भरतो. खांबावर त्या खुणा बघ. एकेका पुराची एकेक आहे. शेवटची मी कोरली.”

खालच्या खुणेशी, नेमक्या ओढ्याच्या मधोमध, एक कुत्रं सुखाने झोपलं होतं.

मुलांनी पट्ट्याची गोष्ट सांगितली. “चर खणून नळाखाली खडी अंथरतात,” आजोबा म्हणाले. “आणि पाणी मोठं आळशी. सोपी वाट मिळाली की तिकडेच जाणार. म्हणून ओढा ओलांडताना चरात चिकणमातीचा बांध घालतात. तो घातला नसेल, तर ओढा खडीतून पळाला.”

“पण पळाला कुठे?”

“चर जिथे संपतो तिथे. खिंडीपलीकडे, मोठ्या रस्त्याच्या गटारात.”

“मला नाही पटत,” शंका म्हणाली.

“तुला नाही पटत ना? मग गटाराशी तूच उभी राहा!” भोंग्याने फर्मावलं.

ठिपकीने आईकडे निळा रंग मागितला. झाडपाल्याचा, पाण्याला बाधणार नाही असा. आई रिकाम्या पिंपांच्या मधोमध बसली होती. नाही म्हणेल, असं ठिपकीला वाटलं होतं.

“सगळा घेऊन जा,” आई म्हणाली. “आता कशाला हवाय मला?”

तिच्या ओरडण्याला ठिपकी कधी घाबरली नव्हती. या बोलण्याने घाबरली.

अर्धा रंग पट्ट्याशी ओतला. बऱ्याच वेळाने शंका खिंडीतून धापा टाकत आली. आली कसली, तीरच! “निळं! दीड तासात गटार निळंशार! मी स्वतः पाहिलं, तरी मला पटेना!”

दुसऱ्या दिवशी दहाला पाणीपुरवठ्याचे साहेब गावच्या सरपंचांसोबत तोच मोठा रस्ता बघायला येणार होते. ठिपकीने साडेआठलाच उरलेला रंग ओतला. आजोबांनी साहेबांना बोलत बोलत गटाराशी आणलं.

“हे पाणी कुठलं हो, साहेब?” भोंग्याने भोळा चेहरा करून विचारलं.

“वस्तीचं सांडपाणी.”

“आमच्या ओढ्याचं नाही?”

“ओढा उन्हाळ्यात आटतो, बाळ. शाळेत शिकवत नाहीत का?”

“लिहून घेऊ?”

“घे की!”

शंकाने घड्याळ पाहिलं. आणि गटार निळं झालं.

“आज अख्ख्या वस्तीने नीळ घालून आंघोळ केली वाटतं!” भोंगा म्हणाला.

साहेबांचा चेहरा उतरला. बांध आराखड्यात होता, पण काम घाईत उरकलं, हे त्यांनी कबूल केलं. माणूस वाईट नव्हता.

“मग घाला ना आता,” ठिपकी म्हणाली. “उद्याच घाला.”

“त्यासाठी शहराचं पाणी तीन दिवस बंद ठेवावं लागेल, बाळ. ऐन उन्हाळ्यात कसं ठेवणार? पावसात खणता येत नाही. हिवाळ्यात नक्की करू.”

“तोवर आम्ही इथे नसू,” ठिपकी म्हणाली. पण तेवढ्यात सरपंचांनी टाळ्या सुरू केल्या होत्या. “शाबास! अशी मुलं हवीत!” त्यांनी तिघांना बक्षीस म्हणून एकेक रंगपेटी दिली. रंगारणीच्या मुलीला रंगपेटी! ठिपकी त्यांच्या पाया पडली आणि घरी येऊन ढसाढसा रडली.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी टेम्पोत पिंपं चढली. ठिपकीने नकाशा शंकाच्या हातात दिला. उगमापासून मातीच्या पट्ट्यापर्यंतचा ओढा तिने पिंपाच्या तळाशी उरलेल्या निळ्याने रंगवला होता. खाली पुलापर्यंत नुसती पेन्सिलीची रेघ होती. “पाणी आलं की उरलेला तुम्ही रंगवा,” ती म्हणाली. भोंग्याने नुसता हात हलवला.

बाईंनी नकाशाला पहिला नंबर दिला आणि तो वर्गात लावला.

हिवाळ्यात साहेबांनी शब्द पाळला. एका सकाळी पुलाखाली पाणी आलं. कुत्रं उठून गेलं. आजोबा ओरडले, “आला रे, आला!” रंगारणीच्या बंद दुकानामागे, कापड खळबळायच्या दगडावरून, पाणी कुणासाठी न थांबता पुढे गेलं.

“तिला कळवायचं का?” शंकाने विचारलं.

“काय कळवायचं?” भोंगा म्हणाला. “आईला कारखान्यातून सुट्टी मिळत नाही, असं तिने मागच्याच पत्रात लिहिलंय.”

दोघांनी नकाशा उतरवला, बक्षिसाची रंगपेटी उघडली आणि पट्ट्याच्या खालचा ओढा रंगवायला घेतला. निळ्यात हिरवा मिसळला, काळा मिसळला, पुन्हा निळा घातला. ठिपकीचा निळा काही जमेना.

“वा!” बाई म्हणाल्या. “आता कसा पूर्ण झाला!”

नकाशा अजून त्या वर्गात आहे. चर जिथे ओढा कापतो, तिथे निळा बदलतो. मागच्या बाकावरूनही ते दिसतं.